सहा जणांची यादी

१ जानेवारी, बुधवार

बियाण्याच्या कंपनीचा माणूस आज ही डायरी देऊन गेला. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी मी तिच्यात रोपांच्या ऑर्डरी लिहिते. यंदा नाही लिहिणार. ऑर्डरींना जुनी वही पुरे. यंदा हिच्यात सूड लिहायचा आहे.

मी मेघना सुयोग करडे. राहणार करडेवाडी, भवानीनगरपासून चार किलोमीटर. माहेर सुपे. धंदा भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. ग्रामपंचायत सदस्य. खरं तर सरपंच व्हायची होते. दोन्हीला उभी होते; सदस्य झाले, सरपंचपदाला अकरा मतांनी पडले आणि ती जयवंता झाली. जयवंता म्हणजे मल्हारची बायको. एकेकाळी आम्ही एका बचत गटात होतो आणि एका ताटात जेवायचो. माझं चिन्ह कपबशी, तिचं पंखा.

अकरा मतं म्हणजे माणसं फक्त सहा. आपल्यातले सहा जण पलीकडं गेले की तेवढा फरक पडतो. ते सहा न फुटते तर मी एका मतानं निवडून आले असते. सव्वा वर्ष झालं, मी ते सहा शोधतेय. आजपर्यंतची यादी अशी: ठमाबाई (आमच्याच पॅनलची सदस्य, पण मतमोजणीच्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून ‘जाऊ दे’ म्हणाली, ते मला खटकलं), दुकानदार, दुकानदारीण, पंचायतीचा शिपाई संदेश, त्याची बायको आणि मागच्या आळीतला तो पोपटपंची करणारा वायरमन.

ह्या सहांना मी माझ्या नर्सरीतलं एक रोप देत नाही. जाऊ दे बारामतीपर्यंत हेलपाटे घालत.

६ जानेवारी, सोमवार

आज सभेत जयवंताचं नाक कापलं. जीव थंड झाला.

आमच्या पंचायतीचं गणित असं आहे. सात सदस्य आणि वर सरपंच. सातांतले पाच आमचे, म्हणजे रामभाऊ आबांच्या पॅनलचे. आबा म्हणजे आमच्या ह्यांचे चुलते, स्वतःही सदस्य. दोन त्यांचे, आणि तिसरी जयवंता. मतं आमच्या हातात आणि अजेंडा तिच्या हातात. ती आणते ते आम्ही पाडतो, आम्हाला हवं ते ती विषयपत्रिकेवर घेत नाही. चौदा महिन्यांत एक धड ठराव झालेला नाही.

आजचा विषय आरोग्य उपकेंद्राच्या जागेचा होता. उपकेंद्र गावाला मंजूर आहे, फक्त जागा ठरवून ठराव द्यायचा. पंचायत समितीचं पत्र आलंय: ३१ जानेवारीपर्यंत ठराव इंदापूरला पोचला नाही तर उपकेंद्र दुसऱ्या गावाला. जयवंता म्हणते ओढ्यापलीकडं बांधा. आबा म्हणतात मारुतीच्या देवळामागं. तिनं ओढ्याचा ठराव मांडला, आम्ही पाच विरुद्ध तीननं आपटला.

मी ‘आम्ही’ म्हणते, पण मी काही तिथं नव्हते. आमच्याकडं बायका सभेला जात नाहीत. आबा जातात, आमचे हे माझ्या खुर्चीवर बसतात, मल्हार सरपंचाच्या खुर्चीवर बसतो, आणि दुपारी संदेश रजिस्टर घेऊन घरोघर येतो. मी मिरच्यांच्या ट्रेला पाणी घालता घालता ‘विरोधात’ लिहून सही केली. हात ओले होते, त्यामुळं शाई जरा पसरली. पसरू दे.

सासूबाईंच्या पायाची जखम अजून ओली आहे. साखरेमुळं भरत नाही. दिवसाआड ड्रेसिंगला भवानीनगरला न्यावं लागतं, गाडीवर मागं बसवून, ओढणीनं माझ्या कमरेला बांधून. आज म्हणाल्या, “उपकेंद्र झालं तर बरं व्हईल गं, चालत जाईन काठी टेकत.” मी म्हटलं, “होईल की, आई. पण आधी तिचं नाक खाली होऊ दे.”

८ जानेवारी, बुधवार

हे आंघोळीला गेले होते आणि ह्यांचा फोन वाजत होता, म्हणून उचलला. कोणीतरी म्हणाला, “शेठ, काटा बिघडलाय. चढ दाखवतोय. ऊस घिऊन ट्रॅक्टरवाले लायनीत हायत, काय करू?” मी म्हटलं, राँग नंबर, आणि ठेवून दिला. फाट्यावरच्या वजनकाट्यावरचा असणार. तो काटा सुप्याच्या कुणा माणसाचा आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझा फोन उचलत जाऊ नकोस.” उगाच तापले. निवडणुकीपासून असेच चिडचिडे झालेत. मी पडले ते ह्यांच्या फार मनाला लागलंय. बोलून दाखवत नाहीत एवढंच.

१० जानेवारी, शुक्रवार

ठमाबाई आली टोमॅटोची रोपं मागायला. साठीची बाई, नवरा जाऊन वीस वर्षं झाली, एकटी पाऊण एकर करते. उन्हात उभी राहिली बिचारी. बिचारी कसली!

“दोन ट्रे दे की गं मेघने.”

“संपले, ठमाकाकू.”

तिच्या मागं चाळीस ट्रे हिरवेगार होते. तिनं वळून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, “बरं. ऱ्हाऊ दे.” गेली. चिडली असती तर मला मजा आली असती. तशीच गेली.

१२ जानेवारी, रविवार

सुप्याला भावाला फोन लावला होता. बोलता बोलता विचारलं, आमच्या फाट्यावरचा काटा तुमच्याकडच्या कुणाचा रे? भाऊ म्हणाला, “ताई, आपल्याकडं दोन एकराला पानी न्हाय, काटा कोन घेतंय? सुप्यात असला मानूस न्हाय.” आमच्या भावाला शेजारच्या घरात लग्न असलं तरी पत्ता नसतो. विषय सोडून दिला.

आबांची गाडी संध्याकाळी मल्हारच्या दारात उभी होती. ह्यांना म्हटलं, आबा तिकडं कशाला? हे म्हणाले, “अंदाज घेतायत.” आबांना मानलं पाहिजे. ह्या वयात शत्रूच्या घरात शिरून बातमी काढतात.

१५ जानेवारी, बुधवार

जयवंताकडं हळदीकुंकवाला गेले. जाणारच नव्हते. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं पार्टी-बिर्टी नसते. बोलावलं की बाई जाते, नाही गेली तर गाव बोलतं. आणि मला तिनं सोफा कसला घेतलाय ते बघायचं होतं. कसलाय कसला, तपकिरी आहे.

तीळगूळ देताना माझ्या हातावर हात ठेवून जयवंता म्हणाली, “मेघना, उपकेंद्राचं काय करायचं गं? पंधरा दिवस राहिले.”

मी म्हटलं, “सरपंच तू आहेस.”

ती हळूच म्हणाली, “खुर्चीत मी कुठं असते?”

नाटकी बाई! वाण म्हणून स्टीलचा डबा दिला, झाकण ढिलं आहे.

टीव्हीच्या खाली काट्याच्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा होता. वरचं पुस्तक उघडं होतं. अक्षर ओळखीचं वाटलं, ते तिरकं ‘र’ आणि मोडलेलं ‘ळ’. पण ह्या गावात सगळे पुरुष तसंच गिचमीड काढतात. एकाच गुरुजींच्या हाताखालून गेलेत.

१९ जानेवारी, रविवार

लिहू की नको? लिहिते.

सकाळी सासूबाईंचं ड्रेसिंग घरीच करत होते. त्यांचं मन रमावं म्हणून मी बोलत होते, आणि मला बोलायला एकच विषय आहे. म्हटलं, “आई, त्या सहांतला एक जरी सापडला ना, तर बघा मी काय करते.”

त्या म्हणाल्या, “कुठलं सहा?”

“मला मत न दिलेले.”

तर ही म्हातारी माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, “अगं, काय येडी का काय तू? मी हाय की त्यातली.”

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

“सुयोगनं मला आधीच सांगितलं न्हवं का. आये, दुसरं बटन सोड, तिसरं दाब, पंख्याचं. आबांकडं बसून ठरलंवतं. सरपंच मल्हारच्या घरी, मेंबरं आपली जास्त. कुनाचंच काय चालायचं न्हाय, मंजी मग समद्यांचं चालतंय, असं म्हनत हुते.” मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. “मेघे, तुला ठावं न्हवतं? घरात ठरलंवतं म्हनून मला वाटलं तुलाबी ठावं आसंल.”

मी जखमेवर पट्टी नीट बांधली, गाठ मारली. मग नर्सरीत जाऊन शेडनेटच्या आत खाली बसले.

सहा. सासूबाई एक, हे दोन, आबा तीन, आबांची बायको चार, आबांचा मुलगा पाच, आबांची सून छकुली सहा. माझं घर आणि आबांचं घर. मोजायला सव्वा वर्ष लागलं आणि सगळे रोज माझ्या हातचा चहा पीत होते.

मग बाकीचं आपोआप जुळलं. फोनवरचा शेठ. ते तिरकं ‘र’. सुप्याचा नसलेला माणूस. काटा ज्या प्लॉटवर उभा आहे तो ग्रामपंचायतीचा आहे, फाट्यावरचा, डांबरी रस्त्याला लागून, गावातला सगळ्यात सोयीचा. उपकेंद्राची गाडी तिथं दारापर्यंत येईल. पण त्याचं नाव सभेत कुणीच काढत नाही. एक पार्टी ओढा म्हणते, दुसरी देऊळ म्हणते, आणि काटा आबा, मल्हार आणि आमच्या ह्यांचा. माझ्या जिभेला घाबरून मला पाडलं. मी सरपंच असते तर पहिल्याच सभेत विचारलं असतं, हा काटा इथं कसा?

ह्यांना संध्याकाळी वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. म्हणाले, मिरचीचा ठेचा झकास झालाय.

२० जानेवारी, सोमवार

सोडणार नाही. एकालाही सोडणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आधी वाटलं, भांडावं. फाट्यावर जाऊन काट्याच्या केबिनला कुलूप लावावं. मग वाटलं, माहेरी निघून जावं. पण मी माहेरी गेले तर काटा चालूच राहील, आणि वर हे म्हणतील, बघा, जिभेची बाई.

सूड असा हवा की त्यांना बोलायला तोंड राहू नये. कायद्यात बसणारा. ज्या रजिस्टरवर मला ओल्या हातानं सही करायला लावली, त्याच रजिस्टरमध्ये.

आठ मतांत बायका किती? मी, ठमाबाई, आमच्याच पॅनलची छकुली, त्यांच्या पॅनलची प्रगती आणि जयवंता. पाच. आठात पाच. एवढं साधं गणित चौदा महिन्यांत कुणाला सुचलं नाही, कारण सगळे पार्टीनं मोजत होते. मीसुद्धा.

आता जयवंताच्या दारात जायचं म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबणार. झोंबू देत.

२३ जानेवारी, गुरुवार

आज माझ्याकडं हळदीकुंकू. पुरुषांनी स्वतःच घर मोकळं केलं. बायकांच्या कार्यक्रमात कोण थांबतंय? हे जाताना म्हणाले, “जयवंताला बोलावलंस? शाबास. जरा अंदाज घे.” घेते म्हटलं.

गावच्या बायका आल्या, गेल्या. चौघींना मी थांबवून घेतलं.

ठमाबाई उंबऱ्याबाहेरच उभी होती. “मला कशाला बोलावलंस गं? रांडव बाईला कुनी हळदीकुकवाला बोलिवतं व्हय? बाया काय म्हनतील?”

मी म्हटलं, “तुमाला पंचायतीत मत आहे ना? मग आत या.” आणि कुंकवाची वाटी धरली. ती कपाळ मागं घ्यायला लागली, मी लावून टाकलं. तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता हिला रडायला काय झालं? मला तिचं मत हवं होतं.

प्रगती बौद्धवस्तीतली. इंदापूरला कोर्टात एका वकिलाकडं काम करते, कायदा पाठ आहे तिचा. म्हणाली, “ताई, मी कुंकू लावत नाही, तीळगूळ मात्र तीन खाणार.” आणि खरंच तीन खाल्ले.

मग मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. सहा मतं, काटा, जागा. जयवंता ऐकत बसली. तिचा चेहरा बघून मला जरा बरं वाटणार होतं, पण वाटलं नाही.

ती म्हणाली, “पुस्तकं माझ्याच घरात असतात. मला वाटायचं मल्हार हिशेबाला मदत करतो कुणाला तरी.” मग म्हणाली, “मला उभंच राहायचं नव्हतं मेघना. अर्ज ह्यांनी भरला. तू माझ्याशी बोलणं सोडलंस, तेव्हा मी तुझ्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले.”

“मग आत का नाही आलीस?”

“तुझी जीभ!”

ठमाबाई खो खो हसली. मी नाही हसले. मी स्पष्ट सांगितलं, हे सगळं फक्त सुडासाठी आहे, मैत्री वगैरे काही नाही, पुढच्या निवडणुकीत मी तुला पाडणार. जयवंता म्हणाली, “पाड. पण आधी उपकेंद्र करू.”

छकुली एका कोपऱ्यात बसून होती. पंचवीस वर्षांची पोर, आबांची सून, सभेचं रजिस्टर आबाच तिच्या हाताखाली सरकवतात. एकदम म्हणाली, “मेघनाकाकी, सहावी मी हाय. आबांनी सांगितलं तसं बटन दाबलं.” आणि रडायला लागली. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या. पण यादीतल्या सहांपैकी तोंडानं कबूल करणारी ती एकटीच. सासूबाईंनी सांगितलं खरं, पण त्यांना ती चूकच वाटली नव्हती. म्हटलं, गप, नाक पूस, तीळगूळ घे.

प्रगतीनं समजावलं. सभा ३० तारखेला लावायची. नोटीस रीतसर. विषय फक्त ‘उपकेंद्रासाठी जागा निश्चित करणे’, जागेचं नाव नाही. चौघी आल्या तरी सभा भरते, पण पाचही आल्या पाहिजेत, म्हणजे आठातलं बहुमत होतं आणि पुढच्या सभेत ठराव उलटवायला त्यांच्याकडं मतं राहत नाहीत. सूचक आमच्या पॅनलचा, अनुमोदक त्यांच्या पॅनलचा. म्हणजे ह्या पार्टीनं केलं, त्या पार्टीनं केलं, असं कुणाला म्हणता येणार नाही.

सूचक मी, असं मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. माझ्या नावानं छापून यायला हवं.

२५ जानेवारी, शनिवार

संदेश नोटीस देऊन गेला. माझ्या नोटिशीवर ह्यांनीच पोच दिली, माझ्या नावापुढं स्वतःची सही. वाचली सुद्धा नाही. आबांना फोन लावून म्हणाले, “तीस तारखेला जळोचीचं लग्न हाय न्हवं? आपुन कुनीच जायचं न्हाय सभेला. मल्हारबी येतोय लग्नाला. सभा भरनारच न्हाय. एकतीसला मुदत संपती, उपकेंद्र गेलं, काटा ऱ्हायला.” शेवटचं वाक्य हळू म्हणाले, पण मी स्वयंपाकघरात होते, बहिरी नव्हते.

‘आपुन कुनीच’ म्हणताना त्यांनी आम्हाला पण त्यात धरलं होतं. मला आणि छकुलीला आणि ठमाबाईला. विचारायचं काय त्यात?

२८ जानेवारी, मंगळवार

आज धीर सुटत होता. नवरा आहे. आजारपणात ह्यांनी माझ्या उशाशी बसून पाणी पाजलंय. मुलगी पुण्याला शिकते, तिला काय सांगणार? काटा गेला तर घरात वादळ होणार, आणि त्या वादळात मला राहायचंय, जयवंताला नाही.

संध्याकाळी सासूबाईंना घेऊन भवानीनगरहून येत होते. कारखान्याच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. खड्ड्यातून गाडी गेली आणि त्या मागून कळवळल्या. फाट्यावर काट्यापाशी थांबले. त्या म्हणाल्या, “हितं का थांबलीस?” मी म्हटलं, “आई, इथून आपलं घर किती लांब?” त्या म्हणाल्या, “हे काय, हाकंच्या अंतरावर. हितनं तर मी रांगत जाईन.”

ठरलं.

३० जानेवारी, गुरुवार

सगळं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढं कधी राग कमी झाला तर वाचता येईल.

ह्यांचा पांढरा शर्ट मी स्वतः कडक इस्त्री करून दिला. रुमालाला अत्तर लावलं. आबा, मल्हार, आमचे हे, आणि दोन्ही पार्टींचे राहिलेले एकेक मेंबर, सगळे एकाच गाडीत बसून जळोचीला गेले. चौदा महिने एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी साडी बदलली.

अकराला पंचायतीत गेले. संदेश खुर्च्या पुसत होता. दचकलाच. “वहिनी, तुमी हितं? मी रजिस्टर घरी आनलं असतं की.”

“आज मीच आले.”

जयवंता सरपंचाच्या खुर्चीत बसली. पहिल्यांदा. खुर्ची मल्हारच्या मापानं उंच केलेली, तिचे पाय जमिनीला टेकेनात. संदेशनं न सांगता खाली पाट आणून ठेवला. प्रगती आली, ठमाबाई नवं लुगडं नेसून आली. सव्वाअकरा झाले, छकुली नाही. साडेअकरा झाले. ग्रामसेवक घड्याळ बघतोय आणि आम्ही दाराकडं. माझ्या मनात आलं, फुटली. परत फुटली. आबांच्या घरचं रक्त नाही, पण मीठ तर आहे.

तेवढ्यात आली, धापा टाकत, चपला हातात घेऊन. सासू घरात होती, मागच्या दारानं निघून मक्यातून पळत आली होती.

जयवंतानं विषय वाचला. माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. हाच तो क्षण. तोंड उघडणार, इतक्यात छकुली म्हणाली, “सूचक म्हनून माझं नाव लिहा.”

मी म्हटलं, “अगं, आबा तुला घराबाहेर काढतील.”

“काढू द्या. उपकेंद्र हुतंय न्हवं? तितं जाऊन ऱ्हाईन.”

सव्वा वर्ष जपलेला सूड होता माझा. माझ्या नावानं छापून यायचा होता. पण आबांच्या ठरावाच्या रजिस्टरात आबांच्याच सुनेचं नाव! ह्याहून झणझणीत मला तरी काय जमलं असतं? मी खाली बसले आणि म्हटलं, लिहा तिचं.

सूचक छकुली, अनुमोदक प्रगती. ‘फाट्यावरील ग्रामपंचायतीच्या मालकीचा प्लॉट उपकेंद्रास देण्यात यावा व त्यावरील वजनकाटा पंधरा दिवसांत हटवण्यात यावा.’ ग्रामसेवकाचा पेन थांबला. “मॅडम, आबांना एक फोन करू का?”

जयवंता म्हणाली, “करा. आधी लिहा.”

बाजूनं पाच. विरोधात कोणी नाही. ठमाबाईनं सही करायला पाच मिनिटं घेतली, एकेक अक्षर कोरून. तिथंच मी सगळ्यांसमोर म्हटलं, ठमाकाकू, त्या दिवशी रोपं होती. ती म्हणाली, “दिसत हुती की. मला वाटलं, तुझा राग फिटंपत्तुर थांबावं.”

३१ जानेवारी, शुक्रवार

ठराव इंदापूरला देऊन आलो. जयवंता आणि मी, माझ्याच गाडीवर. पोचपावतीवर शिक्का घेतला. येताना तिनं विचारलं, भेळ खायची का. खाल्ली. एका कागदात. मैत्री नाही, भूक लागली होती.

घरी काल संध्याकाळपासून कुणी बोलत नाही. आबा येऊन ओसरीवर ओरडून गेले. म्हणाले, घर फोडलंस. मी म्हटलं, घर तुमी बटणानं फोडलंत, आबा, मी नुसता ठराव केला. छकुलीला त्यांनी काही घराबाहेर काढलं नाही. गावानं विचारलं असतं की का काढली, आणि मग काट्याचं नाव निघालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहा ट्रे गाडीला बांधले. ठमाबाई, दुकानदाराचं घर, संदेशचं घर, वायरमन. दुकानदारिणीनं विचारलं, आज काय एवढं? मी म्हटलं, चुकून तुमचं नाव एका यादीत गेलं होतं. वायरमनला एक ट्रे जास्त दिला, त्याला मी सव्वा वर्ष चोर म्हणत होते. तो अजूनही पोपटपंची करतो, ते वेगळं.

दुपारी हे नर्सरीत आले. तीन दिवसांत पहिल्यांदा. उभे राहिले, एका वाफ्यातलं तण उपटत बसले, मग म्हणाले, “एवढं मोठं केलंस. मला एकदा इचारायचं तरी.”

वाटलं, सगळं बोलून टाकावं. शर्टाची इस्त्री, ठेचा, उशाशी पाजलेलं पाणी. पण तोंडातून एवढंच निघालं, “मशीनवर कपबशी कितव्या नंबरला होती हो?”

ते लगेच म्हणाले, “दुसऱ्या.”

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची मान खाली गेली.

मी म्हटलं, “म्हणजे दिसली होती.”